एल अक्षराचा उपास

आमच्या घरात उपासकाळात काही सोडायची पद्धत नव्हती. आळीतली इतर घरं मटण सोडत, बाप्ये विडी सोडत, कोणी चहातली साखर सोडी. आमच्याकडे मटण सणासुदीलाच व्हायचं, विडी बाबा ओढत नसत, आणि साखरेच्या बाबतीत आयचा हात मुळात इतका आखडता होता की सोडली असती तरी देवाला फरक कळला नसता. म्हणून बाबांनी वेगळी रीत पाडली होती. सोडायचं नाही, धरायचं. उपासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आलो, की बाबा कपाटावरची जाडजूड डिक्शनरी खाली काढत, पंच्याने तिची धूळ पुसत आणि त्या वर्षाचं अक्षर जाहीर करत. तिथून ईस्टरपर्यंत त्या अक्षराचे अवघड इंग्रजी शब्द शिकायचे, हा आमचा उपास. मला समज आली तेव्हा बी चालू होता की सी, ते आता आठवत नाही. जी चांगला आठवतो, कारण त्या वर्षी मला कांजिण्या आल्या होत्या आणि बाबा मच्छरदाणीच्या बाहेर बसून मला एकेक शब्द सांगायचे. पण आज लिहायला बसले आहे ती एलबद्दल.

वसईतल्या पापडीला आमची वाडी होती. मोठी नव्हती, पण केळी, मागच्या अंगाला पानवेल आणि कुंपणाच्या कडेने थोडा मोगरा एवढं तिच्यात सुखाने मावत असे. बाबांचं नाव पासकोल. लग्नाआधी ते मुंबईत एका इंग्रजी छापखान्यात खिळे जुळवायला होते. शिक्षण बेताचंच, त्यामुळे अक्षरं सगळी ओळखीची आणि शब्द बहुतेक अनोळखी. दिवसभर शिशाचे खिळे बोटांनी उचलून उलट्या ओळी जुळवायच्या, संध्याकाळी हात घासून घासून धुवायचे आणि मुक्कामाला यायचं, असं त्यांचं चाललं होतं. पुढे आजोबा गेले, वाडी बघायला कोणी उरलं नाही, म्हणून बाबा परत आले. ते शब्द मात्र त्यांच्या बोटांत अडकून राहिले. "एवढी मोठी मोठी मानसं माझ्या हातावरून गेली," ते म्हणायचे, "आन मी एकाला पन विचारलं नाय, बाबा रे, तू कोन?" (आमची घरातली बोली मी इथे जराशी सपाट करून लिहिते आहे. जशीच्या तशी लिहिली तर वसईच्या बाहेरच्या माणसाला कोडं पडेल आणि आतली माणसं माझ्या चुका काढत बसतील.)

छापखान्यात प्रत्येक अक्षराला लाकडी पेटीत आपला कप्पा असे, भलत्या कप्प्यात खिळा टाकला की बोलणी खावी लागत. त्याच वळणाने बाबांचा नियम होता, की नुसता अर्थ घोकून शब्द पक्का होत नाही, त्याला गावात घर द्यायचं. माणूस, झाड, भिंत, जनावर, काहीही चालेल, पण तो शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर तीच एक गोष्ट उभी राहिली पाहिजे. शब्द कोणाला द्यायचा यावर आमचा खल चाले आणि एकदा दिला की परत घ्यायचा नाही. घरच्यांना मात्र शब्द द्यायला बंदी होती, कारण त्यावरून भांडणं होतात असा बाबांचा अनुभव होता. बहुधा बीच्या वर्षी त्यांनी आयला काहीतरी देऊन पाहिलं असावं.

हे सगळं चाले दुपारी, पडवीत. त्या दिवसांत आयचं सुकेळ्यांचं काम असे. पिकलेली राजेळी केळी सोलायची, अंगणातल्या मांडवावर उन्हात ओळीने पसरायची, रोज उलटायची, आणि मधाच्या रंगावर आली की वाळल्या केळीच्या पानात गुंडाळून बांधायची. मी आणि आय सोलत असू. दोघींचे हात चिकट, त्यामुळे डिक्शनरी बाबांच्याच मांडीवर. आंब्याच्या मोहोराचा आणि केळ्यांचा वास एकमेकांत मिसळून जड व्हायचा, मांडवाभोवती मधमाश्या घोंघावत, विहिरीवरचा पंप टकटक करत असे आणि मधेच बंद पडला की एवढी शांतता पसरे की पाटातून वेलींकडे जाणारं पाणी ऐकू यायचं. त्या शांततेत बाबा शब्द म्हणत. एकदा मोठ्याने, एकदा हळू. आय या सगळ्यात नसायची. ती शाळेत गेली नव्हती, इंग्रजीच काय, मराठी अक्षरंही तिला येत नव्हती. ती खाली मान घालून केळी सोले आणि मधूनच "उन्ह सरलं, पलीकडली उलट," एवढंच बोले.

"यंदा एल," बाबा त्या वर्षी म्हणाले. "मऊ अक्षर हाय. जिभेला काय तरास नाय."

आणि खरंच, तसं अक्षर मला पुन्हा भेटलं नाही. लिम्पिड म्हणजे नितळ, तो शब्द आमच्या विहिरीला दिला. लोक्वेशस म्हणजे बडबडा. तो कतरीन मावशीला, शेजारच्या घरात राहून तिला आमच्या घरातलं सगळं आमच्याआधी कळत असे. लॅकॉनिक म्हणजे मोजकं बोलणारा, तो पोस्टमनला. लॅबिरिंथ म्हणजे शिरलं की वाट न सापडणारी जागा, तो आमच्या पानवेलीला, कारण लहानपणी मी त्या हिरव्या सावलीत एकदा हरवून झोपी गेले होते. लॅसिट्यूड हा शब्द सगळ्यांत छान. अंगातली ताकद हळूहळू ओसरून जाणं. तो दिला दुपारी जेवणानंतरच्या त्या वेळेला, जेव्हा मांजरसुद्धा माशी हाकलायचा कंटाळा करतं. मी सतरा-अठरा वर्षांची होते, आणि त्या वयात नुसत्या शब्दांनी अंग हलकं होतं. मी विहिरीवर जाई तेव्हा कळशीत लिम्पिड भरून येई. चर्चच्या पांढऱ्या भिंतीवर तिरपं ऊन पडलं की ती ल्युमिनस, आतून उजळलेली, होई. रस्त्याने चालताना मी गावातून जाते आहे की डिक्शनरीच्या पानांतून, हे मला सांगता आलं नसतं.

चुकाही होत. लुगूब्रियस म्हणजे सुतकी, रडवेल्या चेहऱ्याचा. तो बाबांनी बस्त्याव काकांना दिला, कारण ते सुतार आणि गावात कोणी गेलं की पेटी तेच करत. पण बस्त्याव काकांइतका हसरा माणूस पापडीत नव्हता. पेटीला खिळे ठोकतानासुद्धा ते गुणगुणत. त्यामुळे माझ्या डोक्यात लुगूब्रियस म्हणजे खुशालचेंडू असंच बसलं आणि कॉलेजात 'माझे शेजारी' या निबंधात मी लिहून आले, की आमचे बस्त्याव काका इतके लुगूब्रियस आहेत की त्यांच्याकडे पाहून मेलेला माणूसही हसेल. मॅडमनी लाल शाईने गोल केला. मी घरी येऊन रडकुंडीला आले तर बाबा पोट धरून हसले. "मॅडमला सांग, एकदा येऊन बस्त्यावला बगून जा. मग शब्द बदला म्हनावं."

बोळिंजच्या या फ्लॅटमध्ये मी आता वरच्या मजल्यावर राहते. खाली पाण्याचा टँकर हॉर्न वाजवतो आणि माझी नात मोबाइल पुढे करते. त्यात रोज अवघड शब्द येतात म्हणे, स्पर्धा परीक्षेसाठी. परवा लिम्पिड आला. मी तिला विहीर सांगायला लागले. "आजी, मीनिंग सांग ना पटकन, विहीर काय मधेच!" ती म्हणाली. मी नितळ म्हणून सांगितलं आणि ती पुढच्या शब्दावर गेली.

एलच्या त्या वर्षी माझी बारावी होती. परीक्षा झाली की पुण्याला एका मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला जायचं, असं फादरांच्या ओळखीने जवळपास ठरलं होतं. जवळपास, कारण आय हो म्हणत नव्हती. नाहीही म्हणत नव्हती. आमच्या घरातली मुलगी लग्नाशिवाय परक्या गावात राहायला कधी गेली नव्हती. मला मात्र जायचंच होतं. पांढरा युनिफॉर्म, लांबच लांब व्हरांडा आणि कोणी ओळखत नाही असं शहर, हे मी पाटाच्या कडेला बसून तासन्‌तास बघत असे. "आयला मी बगतो," बाबांनी मला सांगितलं होतं. "ईस्टर होऊं दे. मी समजावतो तिला."

ईस्टरच्या आधीच एका सकाळी बाबा पानवेलीत पाणी सोडताना पडले. बस्त्याव काकांनी त्यांना उचलून आणलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि पाय गेलेला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. ओठ हलत, डोळे आमच्यावर रोखलेले, कपाळावर घाम, आणि आवाज नाही. आयने पाण्याचा पेला तोंडाशी नेला. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ झटापट केली आणि अगदी स्वच्छ म्हणाले, "लिम्पिड."

पुढच्या दिवसांत कळलं, की त्यांच्याजवळ एवढंच उरलं होतं. पाणी, भूक, आयचं नाव, माझं नाव, काही येत नव्हतं. एल येत होता. बस्त्याव काका दारात दिसले की लुगूब्रियस. झोप आली की लॅसिट्यूड. पुढे आयुष्यभर वॉर्डात मी अशी माणसं पाहिली. बायकोचं नाव विसरलेली आणि प्रार्थना तोंडपाठ म्हणणारी, गाणी म्हणणारी, शिव्या देणारी. मेंदूत काय कुठे ठेवलेलं असतं ते डॉक्टर नकाशा काढून दाखवतात. तेव्हा मला नकाशा ठाऊक नव्हता. मला एवढंच दिसत होतं, की बाबा आमचं गाव विसरलेले नाहीत, फक्त त्याच्या त्या वर्षीच्या नावांनी हाक मारत आहेत.

पण हे आमच्या उंबऱ्याच्या आतलं झालं. कतरीन मावशी बघायला आली, तिला पाहून बाबा म्हणाले, "लोक्वेशस." मावशीने हातातलं सुपाचं भांडं खाली ठेवलं आणि तिथेच गुडघे टेकले. उपासाचे दिवस, अंथरुणाला खिळलेला देवभोळा माणूस, आणि तोंडातून कधी न ऐकलेली भाषा! त्या सुमाराला गावोगाव प्रार्थना मंडळं निघाली होती, पवित्र आत्म्याने माणूस अनोळखी भाषेत बोलू लागतो हे सगळ्यांच्या कानावर होतं. संध्याकाळपर्यंत आळीभर झालं, की पासकोलला भाषांचं दान मिळालं. दुसऱ्या दिवसापासून चर्चमधली क्रुसाच्या वाटेची प्रार्थना आटोपली की बाया मेणबत्त्या घेऊन आमच्या पडवीत येऊन बसू लागल्या. येताना कोणी अंडी आणी, कोणी पेज. बाबा घाबरून एकेकीकडे बघत आणि सुचेल तो एल म्हणत, की सगळ्या मिळून "आमेन" म्हणत.

मला हसू यायला हवं होतं. पण कतरीन मावशी नुसती ऐकून थांबेना, अर्थ लावू लागली. एका संध्याकाळी बाबा माझ्याकडे बघून पुन्हा पुन्हा "लॅबिरिंथ, लॅबिरिंथ" म्हणत होते, जीव तोडून. मावशीने डोळे मिटले आणि सांगितलं, "पोरीला लांब नको धाडू म्हनतो." सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. आयनेही डोलावली. मी उठून मागे पानवेलीत गेले. जमीन भेगाळली होती, किती दिवस कोणी पाणी सोडलं नव्हतं. मी पंप चालू केला, पाट फोडला, पाय चिखलात ठेवून उभी राहिले आणि मोठ्याने रडले. परत आले तेव्हा पंपाचा आवाज ऐकून बाबा शांत झाले होते. निघताना मावशी मला म्हणाली, "स्वताच्या बापाला टाकून दुसऱ्यांच्या बापांची सेवा कराला चाललीस व्हय, रेजिना?"  

ईस्टर होऊन गेला. दर वर्षी ईस्टरला डिक्शनरी परत कपाटावर जात असे, त्या वर्षी ती पडवीतच राहिली. परीक्षा संपली. पुण्याला होकार कळवायची वेळ आली आणि एका दुपारी मी आयपुढे बसले. हातात केळं होतं, ते सोलायचं सुचेना. "आय," मी म्हटलं, "बाबा बोलतात ते आत्म्याचं नाय. ते आमचे शब्द हायत. डिक्शनरीतले."

आयने सोललेलं केळं पाटीत ठेवलं. "मग? मला ठावं नाय? इतकी वरसं मी हितं बसून केळीच सोलते, कान काय सोलून ठेवलेत?"

"मग तू त्यांना सांगत का नाय?"

"कशाला? परार्थना करतात, करूं दे. कोनाच्या परार्थनेनं कोनाचं वाईट झालं काय कदी?" पुढचं केळं उचलत ती म्हणाली, "आन त्या येतात म्हनून ते बोलतात तरी. आपन दोगीच असलो का नुसते बगत बसतात."

पुण्याचा विषय तिने काढला नाही, मलाही काढवला नाही. मी केळी सोलत राहिले. माझं जाणं संपलं असं मी मनाशी धरलं आणि विचित्र म्हणजे, त्या दुपारच्या जड वासात ते फारसं दुखलंही नाही. झोपेत कोणी हातातली वस्तू काढून घ्यावी तसं वाटलं.

त्या संध्याकाळी बाया आल्या, मेणबत्त्या लागल्या, जपमाळ झाली. बाबा खुर्चीत एका अंगावर कलले होते, दिवसभर त्यांना कोणी आडवं होऊ दिलं नव्हतं. त्यांनी आयकडे पाहिलं आणि म्हणाले, "लॅसिट्यूड."

कतरीन मावशी डोळे मिटून अर्थ शोधू लागली. तेवढ्यात आयने लुगड्याला हात पुसले. ती कधी चारचौघांत बोलत नसे. ती उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते म्हनतात, पोरीला पुण्याला धाड."

 मावशीने डोळे उघडले, तोंडही उघडलं. पण नवऱ्याच्या तोंडचा शब्द बायकोहून जास्त कळतो असं कोण म्हणणार? दाराजवळून बस्त्याव काका खणखणीत आवाजात "आमेन" म्हणाले आणि मग सगळ्यांना म्हणावंच लागलं.

बाया गेल्यावर मी आयजवळ गेले. "आय, लॅसिट्यूड म्हंजे..."

"दमलेत ते. झोपायचं हाय त्यांना." ती बाबांच्या काखेत हात घालत होती. "तुला ते शब्द येतात म्हनून मला येत नाय काय? तुज्या बाबानं मला समजावायचं व्हतं नं? आता त्यांना जमत नाय, तर माजं मीच समजावून घेतलं. धर त्या बाजूनं."

मी धरलं. आम्ही दोघींनी त्यांना आत नेऊन निजवलं.

जूनमध्ये मी पुण्याला गेले. पहिली लांबलचक सुट्टी मिळाली ती पुढल्या उपासकाळात. दुपारची वेळ होती. फाटकाची कडी काढताना मला पडवीतून आवाज आला, बाबांचा, सावकाश आणि जड. त्यामागोमाग आयचा. ते एक शब्द म्हणायचे, ती सोलता सोलता उत्तर द्यायची, "ते काल दिलं नं त्या कोंबडीला? दुसरं सांगा." तिने शब्द परत घ्यायचे नाहीत हा नियम मोडला होता. एकेक शब्द ती रोज नव्या घरी पाठवत होती, आणि कतरीन मावशीचा शब्द आता चक्क कावळ्याकडे गेला होता. बाबा हसत होते. त्या दोघांचं असं बोलणं मी त्या घरात जन्मापासून कधी ऐकलं नव्हतं. मी केळीच्या आड उभी राहिले. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते अर्धंच खरं होईल. मला हेवा वाटला, कडकडून वाटला. ती जागा माझी होती.

मग मी पुढे झाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, चेहरा उजळला, ओठ हलले. ते माझं नाव शोधत होते. आयने सोलणं थांबवलं. आम्ही दोघी वाट पाहत राहिलो आणि ते सापडलं नाही. त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. पुढेही ते कधी सापडलं नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "यंदा एम नं, बाबा?"

"नाय," आय म्हणाली. "आमचा एल चाललाय अजून."

बाबा आणखी बरीच वर्षं होते आणि ते गेले त्या दिवशीही घरात एलच चालू होता. माझ्या नर्सिंगच्या पुस्तकांतून, वॉर्डातून, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांमधून बाकीचे शब्द मला भेटत गेले, पण त्यांना द्यायला माझ्याजवळ ना विहीर होती ना पानवेल. एमपासून पुढचं सगळं इंग्रजी मी एकटीने शिकले.